कंपनीत नवा मार्केटिंग हेड आलाय: पहिल्या तीन महिन्यांत त्यांच्याशी काम कसं जुळवायचं

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत नवा मार्केटिंग हेड रुजू झाला, की पंधरवड्यात त्यांच्या टेबलावर प्रोफाइलचा गठ्ठा साचतो. जाहिरात एजन्सी, प्रिंटर, पॅकेजिंगवाले, डिजिटलवाले, इव्हेंटवाले सगळेच जातात आणि साधारण एकच बोलतात: "सर, अभिनंदन. आमच्या सर्व्हिसबद्दल सांगायला पाच मिनिटं हवी होती." मग महिनाभर फोनाफोनी, "साहेब मीटिंगमध्ये आहेत", आणि विषय थंड.

हा लेख अशाच लहान-मध्यम पुरवठादारांसाठी आहे. मीही त्यांच्यातलाच. पुण्या-मुंबईची एजन्सी चकचकीत प्रेझेंटेशन घेऊन आली की आपल्याकडची माणसं बिचकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाहेरून आलेल्या त्या हेडला सगळ्यात जास्त गरज इथल्या बाजाराच्या खऱ्या माहितीची असते, आणि ती आपल्याकडे आहे. विक्रीची सुरुवात तिथूनच करायची.

नव्या माणसाकडेच का जायचं, तेही सांगतो. स्थिरावलेल्या हेडचे पुरवठादार ठरलेले असतात, बजेट वाटून झालेलं असतं. नवा माणूस प्रत्येक फाइल पुन्हा उघडतो. शिवाय या खुर्चीला वेळ कमी मिळतो. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांत मार्केटिंगप्रमुखाची सरासरी कारकीर्द चार वर्षांच्या आसपास असते, आणि वरच्या पदांमध्ये ती सर्वांत आखूड कारकिर्दींपैकी एक मानली जाते. मार्केटिंगवर झालेला खर्च लगेच दिसतो, फळ उशिरा दिसतं. म्हणून आल्याआल्या काहीतरी नजरेत भरेल असं करून दाखवायचा ताण त्या माणसावर असतो. तो हलका करणारा पुरवठादार त्यांना हवाच असतो.

बातमी आधी कुठे कळते

लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर काम सोपं आहे. सेबीच्या नियमांनुसार वरिष्ठ व्यवस्थापनातला बदल शेअर बाजाराला कळवावा लागतो, आणि विभागप्रमुख या व्याख्येत येतात. बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांमध्ये तो सापडतो. राजीनामाही तिथेच दिसतो, म्हणजे जुना माणूस चाललाय हे नवा यायच्या आधीच कळतं. लिंक्डइनच्या सेल्स नॅव्हिगेटरमध्ये गेल्या ९० दिवसांत नोकरी बदललेल्यांचा फिल्टर आहे. तो पैसे भरून मिळतो. फुकटात करायचं तर आपल्या यादीतल्या कंपन्या फॉलो करून ठेवा.

पण आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या लिस्टेड नाहीत. तिथे बातमी माणसांतून फिरते. स्मॅक, गोशिमा, मॅक या उद्योजकांच्या संघटना, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, चेंबर ऑफ कॉमर्स यांच्या कार्यक्रमांना जाऊन मागच्या रांगेत बसून उपयोग नाही, चहाच्या वेळी थांबावं लागतं. आणि सगळ्यात आधी कळतं ते डीलरला. "नवीन साहेब आलेत, पुढच्या आठवड्यात मार्केटला येणारेत" हे वाक्य डीलरच्या काउंटरवर मी जितक्या लवकर ऐकलंय, तितक्या लवकर दुसरीकडे कुठेही नाही. डीलरशी ओळख ठेवा.

खुर्ची रिकामी असते तो काळ वाया घालवू नका. तेव्हा भेटायला कुणी नसतं, पण बाजाराची पाहणी तेव्हाच निवांत होते.

ते कशासाठी आले, हे शोधा

यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. जुना माणूस गेला म्हणून आले असतील, तर कुठली तरी मोडलेली गोष्ट त्यांना दुरुस्त करायची असते. पद नव्यानं निर्माण झालं असेल, तर मालकांनी पहिल्यांदाच मार्केटिंगवर स्वतंत्र पगार खर्च केलाय. तिथे बजेटपेक्षा अपेक्षा मोठ्या असतात आणि हेडला घरातल्यांना पटवण्यातच अर्धा वेळ घालवावा लागतो. आतल्याच सेल्स मॅनेजरला बढती मिळाली असेल, तर त्यांना बाजार तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांना बाजाराची माहिती सांगायला जाऊ नका. त्यांचं अडतं ते ब्रँडिंग, डिजिटल, पॅकेजिंग यांच्या भाषेवर. तिथे शांतपणे, त्यांचा मान राखून मदत करा.

कोल्हापूरच्या घरगुती कंपन्यांची रचना मात्र ओळखूनच पाऊल टाकावं लागतं. मोठ्या साहेबांनी उद्यमनगरच्या शेडमधून धंदा उभा केलेला असतो. मुलगा किंवा मुलगी बाहेर शिकून येते आणि "आता प्रोफेशनल माणूस आणू" म्हणून हेडला आणते. खरेदी काकांकडे, हिशेब जुन्या अकाउंटंटकडे, आणि डीलर मात्र अजून थेट मोठ्या साहेबांना फोन लावतात. नव्या हेडच्या व्हिजिटिंग कार्डावर काहीही लिहिलेलं असो, सही कुणाची चालते ते वेगळंच असतं. तीन गोष्टी काढून ठेवा: हेडला कुणी आणलं, किती रकमेपर्यंत ते एकट्याच्या सहीनं खर्च करू शकतात, आणि सेल्सप्रमुख त्यांच्या हाताखाली आहेत की बरोबरीनं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. सेल्सप्रमुख बरोबरीचे असतील तर तुमचं काम त्यांच्याही फायद्याचं दिसायला हवं, नाहीतर ते फील्डवर अडतं.

मोठ्या साहेबांशी तुमची जुनी ओळख असेल तर मोह आवरा. "साहेबांनी पाठवलंय" म्हणून हेडसमोर बसलात, तर काम एकदा मिळेल, विश्वास मिळणार नाही. ओळख आहे हे हेडला स्वतःहून सांगा आणि निर्णय त्यांचाच राहील हेही सांगा.

दोन दिवस बाजारात घालवा

पुरवठादार नेमका हाच टप्पा गाळतात. माझ्या मते मात्र कामाचं खरं वजन इथेच आहे.

समजा, कांदा-लसूण मसाला करणाऱ्या कंपनीत मुंबईच्या मोठ्या एफएमसीजी (रोजच्या वापराच्या वस्तूंच्या) कंपनीतून मॅडम आल्या आहेत. त्यांचा अनुभव दांडगा आहे. पण इथे ज्याला आपण चटणी म्हणतो ती घरोघरी उन्हाळ्यात, वर्षाची एकदम, डंकावर कुटून होते; ब्याडगी किती, संकेश्वरी किती, हे प्रत्येक घराचं वेगळं असतं, हे त्यांना कोण सांगणार? मे महिन्यात भरलेल्या बरणीसमोर एक किलोच्या पॅकची जाहिरात करून हाती काय लागेल? त्याच मॅडमना जर कळलं, की विकत घेणारा माणूस हॉस्टेलचा विद्यार्थी आहे, पुण्यात नोकरी करणारं जोडपं आहे आणि पावसाळ्यानंतर बरणी तळाला गेलेलं लहान कुटुंब आहे, तर त्यांचं वर्षाचं नियोजन बदलतं.

पाहणी अशी करा. दहा-बारा दुकानं निवडा, सगळी राजारामपुरीतली नकोत. दोन लक्ष्मीपुरीतले होलसेलर, दोन कसबा बावड्याकडची किराणा दुकानं, दोन गडहिंग्लज किंवा गारगोटी रस्त्यावरची, दोन इचलकरंजी-जयसिंगपूर पट्ट्यातली, उरलेली पेठांतली. दुपारी दोन ते चार जा, काउंटर मोकळा असतो. आपण कोण आहोत हे खरं सांगा: "मी जाहिरातीचं काम करतो, या कंपनीकडे काम मागायला जाणार आहे, त्याआधी बाजार बघतोय." कंपनीचा माणूस असल्याचं भासवू नका. कोल्हापुरात ते चार दिवसांत उघड होतं, आणि मुळात ते चूक आहे.

"ब्रँड कसा आहे?" असं विचारलंत तर "चांगला आहे" एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा: सेल्समन शेवटचा कधी आला? गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं की "मसाला द्या" म्हणतं? गेल्या स्कीमचं काय झालं? खराब माल परत घेतात का? मग गप्प बसा. दुकानदार बोलू लागतो. "माल चांगला हाय ओ, पण स्कीम आली कवा नि संपली कवा, आम्हाला कळतच न्हाई." हे एक वाक्य, जसंच्या तसं, दुकानदाराचं नाव न देता हेडसमोर ठेवलं, तर दहा स्लाइडपेक्षा जास्त बोलतं.

डोळेही उघडे ठेवा. पॅक कुठल्या फळीवर आहे, वर धूळ आहे का, पाकिटावरची तारीख कधीची, दुकानाच्या बोर्डावर लोगो जुना आहे का, बाजूला कोणाचा डिस्प्ले लागलाय. एक पॅक विकत घ्या आणि बिल ठेवा. फोटो काढायच्या आधी विचारा.

इंजिनिअरिंग कंपनी असेल तर पद्धत तीच, जागा बदलते. पंप किंवा शेती-अवजारं करणाऱ्या कंपनीसाठी तालुक्याच्या गावातले डीलर आणि मेकॅनिक. तिथे पैशाचा हंगाम उसावर ठरतो. गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च चालतं, आणि कायद्यानं एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यायची असली तरी शेतकऱ्याच्या हाती बिल कधी आलं, यावर डीलरच्या काउंटरची गर्दी ठरते. दिल्लीत ठरलेली जूनची स्कीम इथे फेब्रुवारीत का हवी होती, हे बाहेरून आलेल्या हेडला एका ओळीत पटतं. फौंड्री थेट वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवत असेल, तर मात्र दुकानं फिरून काही उपयोग नाही. तिथे वेबसाइट, इंग्रजी कॅटलॉग, प्रदर्शनातला स्टॉल आणि ग्राहकाच्या ऑडिटला दाखवायची फिल्म यांची अवस्था तपासा.

एका पानाचं टिपण

पाहणीतून एकच पान करा. प्रोफाइल जोडू नका, दर टाकू नका. नमुना असा; आकडे अर्थातच तुमच्या पाहणीचे:

"कोल्हापूर शहर व तीन तालुके, १२ दुकाने, दोन दिवस. बारापैकी सात दुकानांत ५० ग्रॅमचा पॅक नव्हता. पाच जणांनी तो संपल्याचे सांगितले. गेल्या स्कीमची माहिती चौघांकडेच पोहोचली. नऊ बोर्डांवर जुना लोगो आहे. तीन दुकानदारांनी सांगितले की गणपतीनंतर मागणी वाढते. आम्ही न पाहिलेले: मॉल, ऑनलाइन विक्री, कोकण."

शेवटची ओळ गाळू नका. काय पाहिलं नाही ते लिहिलं, की पाहिलेल्यावर विश्वास बसतो. खाली फोटो चारच. आणि हे पान दुसऱ्या कुणाला, विशेषतः स्पर्धक कंपनीला, देणार नाही हे तोंडी सांगा आणि पाळा.

पहिला निरोप आणि त्याची वेळ

रुजू झाल्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत जाऊ नका. तेव्हा त्यांना घर, मुलांची शाळा, कारखाना आणि घरच्या मंडळींची नावं लक्षात ठेवायची असतात. अभिनंदनाचा निरोप पाठवा, त्यात काही मागू नका. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात त्या पानाचा निरोप द्या. तोपर्यंत त्यांनी एक-दोनदा मार्केट पाहिलेलं असतं आणि प्रश्न पडलेले असतात. दोन महिने उलटले की बहुधा योजना मालकांसमोर गेलेली असते. मग तुम्ही त्या योजनेत बसणारे एक कोटेशन उरता.

ईमेल किंवा लिंक्डइनवर लिहा. वैयक्तिक व्हॉट्सअॅप नंबर कुणाकडून तरी मिळवून त्यावर पीडीएफ टाकू नका. मजकूर एवढाच:

"नमस्कार मॅडम. गेल्या आठवड्यात शहरात आणि गडहिंग्लज भागात १२ दुकानांत तुमच्या मसाल्याची विक्री पाहिली. ५० ग्रॅमचा पॅक आणि स्कीमची माहिती या दोन बाबतींत दुकानदारांनी जे सांगितलं ते एका पानात मांडलं आहे. सोबत जोडतो. उपयोगी वाटलं तर वीस मिनिटं भेटून बाकीचं सांगेन. मी कोल्हापुरात दुकान-ब्रँडिंगचं काम करतो."

पान आधीच देऊन टाकायचं का, असं बरेच जण विचारतात. हो, द्यायचं. पान अडवून ठेवून भेट मागितली की ती सौदेबाजी वाटते. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा नवीन काही घेऊन लिहा, त्यानंतर महिनाभर थांबा.

भेटीत

बोलणं त्यांचं जास्त झालं पाहिजे. तीन प्रश्न पुरतात: "पहिल्या सहा महिन्यांत काय झालं तर तुम्हाला समाधान वाटेल?", "डायरेक्टरसाहेब कशाकडे बघून ठरवतील?", "आत्ता कुठलं काम अडकलंय?" तिसऱ्याचं उत्तर बहुतेकदा फार साधं असतं. डीलरची अद्ययावत यादी नाही, प्रॉडक्टचे चांगले फोटो नाहीत, लोगोची मूळ फाइल कुणाकडे आहे ते माहीत नाही. ते काम लहान म्हणून सोडू नका. दार तिथूनच उघडतं.

आधीच्या हेडबद्दल आणि आधीच्या एजन्सीबद्दल वाईट बोलू नका. ते बोर्ड लावणारा सेल्सप्रमुख अजून तिथेच आहे, ते डिझाइन पसंत करणारे मोठे साहेब शेजारच्या केबिनमध्ये आहेत. "बोर्ड उन्हानं फिके पडलेत" हे निरीक्षण आहे, "कुणी लक्षच दिलं नाही" हा आरोप आहे.

बाहेरून आलेल्यांना आपला उत्सवांचा हिशेब समजावून द्या, तोही प्रामाणिकपणे. चैत्रातली जोतिबा यात्रा, गणेशोत्सव, अंबाबाईचं नवरात्र, दसरा, तालमींचं शाहू स्टेडियमवरचं फुटबॉल: प्रत्येक ठिकाणी गर्दी आहे, पण प्रत्येक गर्दी प्रत्येक मालाची नाही. मंडळांच्या कमानींवर पैसे घालवून कंपनीला काही मिळणार नसेल तर तसं सांगा, ते काम तुम्हालाच मिळणार असलं तरी.

लहान ट्रायल ऑर्डर

पहिल्या भेटीनंतर वर्षाचा करार मागू नका. हेडच्या एकट्याच्या सहीत बसेल अशा रकमेचं, ४५ ते ६० दिवसांत संपेल असं एक काम सुचवा. एक तालुका, वीस दुकानं, एक पॅक. सुरू करण्याआधीचे आकडे लिहून घ्या: त्या वीस दुकानांची मागच्या दोन महिन्यांची खरेदी डिस्ट्रिब्युटरकडून मिळते. शेजारच्या तालुक्यातली तशीच वीस दुकानं काही न करता बाजूला ठेवा. शेवटी दोन्हींची तुलना. गणपती-दिवाळीत विक्री तशीही वाढते. ही तुलना नसेल तर वाढ तुमच्या कामामुळे झाली की सणामुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि जुने अकाउंटंट नेमका तोच प्रश्न विचारतील.

ट्रायल फुकट करू नका. फुकट कामाला कंपनीत कुणी वाली नसतो. पाहणीचं पान फुकट, काम पैशानं. होर्डिंगचं काम असेल तर महापालिकेची परवानगी आणि सांगाड्याचं स्थिरता प्रमाणपत्र कोटेशनसोबतच द्या. मे २०२४ च्या घाटकोपर दुर्घटनेनंतर कुठलाही शहाणा हेड त्याशिवाय सही करणार नाही.

ट्रायल संपली की अहवालही एका पानाचा, आणि तो हेडना डायरेक्टरांसमोर स्वतःच्या नावानं मांडता येईल असा. तुमचा लोगो कोपऱ्यात लहान. जे जमलं नाही तेही त्यात असू द्या.

कागद आणि पैसे

व्हेंडर कोडसाठी, म्हणजे कंपनीच्या पुरवठादार यादीत नाव घालण्यासाठी, जीएसटी नोंदणी, पॅन, रद्द केलेला चेक, उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) यांची एक फाइल तयार ठेवा. काम तोंडी सुरू करू नका, पीओ (लेखी खरेदी ऑर्डर) आल्यावरच करा. नवा हेड "सुरू करा, पीओ येतोय" म्हणतो तेव्हा त्यांचा हेतू चांगला असतो, पण खरेदी विभाग त्यांच्या हातात नसतो.

उद्यम नोंदणीचा फायदा इथे होतो. एमएसएमई विकास कायदा २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीबाहेर थकवलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, कंपनीला आयकरात खर्च म्हणून वजा मिळत नाही. ही सोय उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे, नुसत्या ट्रेडिंगसाठी नाही. धमकीच्या सुरात सांगू नका. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा, अकाउंट्सवाले समजतात.

तुम्हीच जुने पुरवठादार असाल तर

नवा हेड आला की धोका तुम्हाला असतो. दहा वर्षांचे संबंध आहेत म्हणून निवांत राहू नका. पहिल्या महिन्यातच स्वतःहून तीन गोष्टी त्यांच्या हाती द्या: आतापर्यंतच्या कामाची यादी आणि दर, सगळ्या मूळ फाइली एका पेनड्राइव्हवर, आणि जे काम तुमच्या मते बंद करावं त्याचं नाव. फाइली अडवून ठेवणारा पुरवठादार नव्या माणसाच्या यादीत सगळ्यात आधी खोडला जातो. दरांची फेरतपासणी त्यांनी मागायच्या आधी तुम्ही सुचवली, तर ती बोलणी सोपी जातात.

आणि जे हेड गेले, त्यांचा नंबर ठेवा. तेही पुण्यात, बेळगावात किंवा शिरोलीच्याच दुसऱ्या गेटवर कुठेतरी नव्यानं रुजू होत असतात. तिथे त्यांना तुमच्याबद्दल काही समजावून सांगावं लागणार नाही. दोन आठवडे जाऊ द्या, मग त्या कंपनीचा माल कुठल्या दुकानांत असतो ते बघायला निघा.